शनिवारचं गवत

काका, तुमचा ट्रॅक्टर सुखरूप आहे. हे आधी सांगते, कारण वर गेल्या गेल्या तुम्ही पहिलं तेच विचारलं असेल. ओरखडासुद्धा नाही. मेपलच्या झाडाखाली जिथे आणून उभा केलात तिथेच आहे, तोंड रस्त्याकडे. गवत साठवायचं तुमचं लाकडी बार्न गेलं, गवताच्या गाठी बांधणारा तो तुमचा लाडका बेलर गेला, चारशे गाठी गेल्या आणि तुम्ही गेलात. ट्रॅक्टर असा उभा आहे की आत्ता कुणीतरी येऊन त्याच्याबरोबर फोटो काढेल. आणि काढतातही. तुमच्या श्रद्धांजली सभेनंतर लोक रांग लावून काढत होते.

मला राग आलाय. महिना उलटून गेला तरी उतरत नाही. इथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरीचा फोन आला होता. "ताई, स्मरणिकेसाठी काकांवर एक छोटा लेख द्या ना. तुमचं त्यांच्याशी स्पेशल बॉन्डिंग होतं. फक्त टोन जरा पॉझिटिव्ह ठेवा. म्हणजे ते गाव, ती माती, नॉस्टॅल्जिक असं काहीतरी." मी हो म्हणाले. तीनदा लिहायला बसले आणि तिन्ही वेळा लॅपटॉप आपटून बंद केला. हा तो लेख नाही. हे तुम्हाला लिहितेय, कारण मला भांडायचंय ते तुमच्याशी. स्मरणिकेशी भांडून काय मिळणार?

कुठलं गाव, काका? कुठली माती? तुम्ही नारायण पेठेत दुसऱ्या मजल्यावर वाढलात. तुमच्या घरात हिरवं काही असेल तर गॅलरीतली तुळस. चाळीस वर्षं, आधी ट्रॉय शहरात आणि मग इथे ओहायोत, तुम्ही गाड्यांच्या ब्रेकची डिझाइनं केलीत. एका जूनमध्ये कुठूनतरी परत येताना रस्त्याच्या कडेला तिथल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने, डेलने, गवत कापून पसरलं होतं. खिडकीतून त्याचा वास आला आणि तुम्ही गाडी थांबवलीत. काकू सांगतात, अर्धा तास उतरून नुसते उभे होतात. रिटायर झाल्यावर वर्षाच्या आत डेलच्या समोरची वीस एकर घेतलीत, ओहायोतल्याच डब्लिनमधल्या आमच्या घरापासून चाळीस मिनिटांवर. त्यातली सहा एकर गवताची. माणसाला स्वतःच्या लहानपणाचा उमाळा येतो हे मला समजतं. तुम्हाला डेलच्या लहानपणाचा उमाळा आला होता. उसना घेतलेला.

आणि घेतलात तो सगळा जुनाच घेतलात. माझ्यापेक्षा वयाने मोठा लाल ट्रॅक्टर. लहान चौकोनी गाठी बांधणारा बेलर, ज्याची सुतळीची गाठ दर दहाव्या वेळी सुटायची. डेल स्वतः कधीच मोठ्या गोल गाठींवर गेला होता. एक माणूस, एक यंत्र, दुपारपर्यंत काम खलास. तुम्हाला ते पटायचं नाही. "गोल गाठ म्हणजे फ्रोझन पराठा," तुम्ही म्हणायचात. "पोट भरतं, पण त्याला काय अर्थ आहे?" पहिल्या वर्षी तुमच्या निम्म्या गाठी गाडीवर चढवताना हातातच सुटल्या. तुम्ही बेलरचं मॅन्युअल लॅमिनेट करून आणलंत, इस्त्रीच्या शर्टात यंत्राखाली झोपलात आणि दोन दिवसांनी बाहेर आलात तेव्हा त्या गाठी नारायण पेठेतल्या माणसांसारख्या घट्ट बसत होत्या. हे मी तुम्हाला तेव्हाही म्हणाले होते. तुम्ही मनापासून हसला होतात.

मला मात्र यात हसण्यासारखं फारसं कधी दिसलं नाही. मी खटाव तालुक्यातली. आमच्याकडे दोन म्हशी होत्या आणि त्यांच्यासाठी शाळेआधी विळा घेऊन बांधावर जायचं काम माझं. गवत हाताला कापतं, मानेला खाजतं आणि वर डोक्यावर भारा घेऊन घरी आलं की आई म्हणते, एवढंच? तुम्ही ट्रॅक्टरवरून उतरून, हात पसरून म्हणायचात, "वैशाली, वास घे. किती सुंदर आहे हे." मी म्हणायचे, "सुंदर आहे, कारण तुम्हाला यावर म्हैस जगवायची नाहीये." तुमचं गवत कुणाच्यातरी हौशी घोड्यांना जायचं. तुम्ही म्हणायचात, "करंटी आहेस तू. घरचं सोनं होतं, तुला दिसलं नाही." मी म्हणायचे, "सोनं असतं तर आई विळा टाकून दुपारची झोपली असती." हे भांडण आपण दहा वर्षं केलं. ते कुणीच जिंकलं नाही. आता तुम्ही असं काही करून गेलात की मला जिंकताही येत नाही.

तरी मी दर वर्षी येत होते. का ते तुम्हाला माहीत होतं.

मी इथे नवीन आले तेव्हा मला नोकरी करायची परवानगी नव्हती. माझा नवरा निखिल ऑफिसला गेला की मी त्या अपार्टमेंटमध्ये आणि समोर पार्किंग लॉट. गाडी चालवता येत नव्हती, म्हणजे या देशात पायच नव्हते. मंडळाच्या संक्रांतीला काकूंशी ओळख झाली आणि पुढच्याच आठवड्यात तुम्ही दारात. तुमच्या कापलेल्या शेतात तुमच्या जुन्या गाडीत बसवलंत आणि म्हणालात, "इथे आपटायला काही नाही. घाल गोंधळ." तीन दिवस मी तुमच्या सहा एकरांत गाडी गोल गोल फिरवली. तुम्ही शेजारी बसून सुडोकू सोडवत होतात. एकदाही ब्रेक म्हणून ओरडला नाहीत आणि म्हणे ब्रेकचे इंजिनिअर.

मग आई गेली. व्हिसाचं रिन्यूअल अडकलं होतं, बाहेर पडले तर परत येता येईल याची खात्री नाही, आणि मुलगी आठ महिन्यांची. मी गेले नाही. मोबाइलवर आईला नेताना पाहिलं. चौथ्या दिवशी सकाळी तुमचा फोन. बाकी काही बोलला नाहीत. "वैशाली, गवत तयार आहे. येतेस का?" आले. दिवसभर मी बार्नमध्ये गाठी रचल्या. आई कडब्याची गंजी रचायची तशी, सांधा सांध्यावर येऊ न देता, कोपरे बांधून घेत. घामाने आणि भुशाने डोळे झोंबत होते, त्यामुळे रडणं वेगळं दिसत नव्हतं. तुम्ही दर अर्ध्या तासाने पाण्याची बाटली ठेवून जात होतात. संध्याकाळी गंजीकडे बघून म्हणालात, "याला म्हणतात घराण्याचा हात." त्या दिवसाचे उपकार माझ्या मानेवर आहेत, आणि म्हणूनच तर जास्त राग येतो.

कारण तो बुधवार होता, काका. मला नीट आठवतं, निखिलला मुलीसाठी मधल्या वारी सुट्टी टाकावी लागली होती. तेव्हा तुम्हाला बुधवार चालत होता. गवत बुधवारी वाळलं म्हणून बुधवारी बांधलं. तुम्ही, मी आणि डेल, तिघांत.

मग कुणाच्यातरी सुपीक डोक्यातून तो 'हे डे', म्हणजे गवत बांधायची जत्रा, निघाला. आपल्या मंडळाचा सगळा कारभार शनिवारचा. गणपती शनिवारी बसतो, दसरा शनिवारी लुटतात, पाडव्याची गुढी दोन शनिवार उशिरा उभी राहते, कारण त्याआधी हॉल मिळत नाही. यात कुणाचं काही बिघडत नाही. देव समजूतदार आहेत, त्यांनी हे केव्हाच मान्य केलंय. तुमचं गवतही आपण त्याच यादीत नेऊन बसवलं. जूनचा तिसरा शनिवार, गवताच्या गाडीवरून मुलांची फेरी, पिठलं-भाकरी, नऊवारी नेसून ट्रॅक्टरवर फोटो, आयटीतली पोरं टीशर्ट काढून गाठी उचलणार आणि सोमवारी पाठ धरून बसणार. पहिल्या वर्षी वीस माणसं आली, गेल्या वर्षी साठ. तुम्ही गळ्यात गमछा टाकून सगळ्यांना बेलर समजावून सांगायचात. इतके खूश मी तुम्हाला कधी पाहिले नव्हते.

पण गवत कापायचं, पसरायचं, उलटायचं, ओळी ओढायच्या आणि पुरतं वाळलं की बांधायचं. यातलं पुरतं वाळलं हे कॅलेंडरवर लिहिता येत नाही. तीन वर्षं नशिबाने शनिवारी ऊन पडलं आणि आपल्याला वाटलं, जमतंय.

या वर्षी मंगळवारी कापलंत. गुरुवारी दुपारी सर आली. फार नाही, वीस मिनिटं. शनिवारी सकाळी मी पोचले तेव्हा डेल कुंपणाशी उभा होता. तो माणूस दिवसाला दहा शब्द बोलतो. त्याने ओळीतून मूठभर गवत उचललं आणि माझ्या हातात दिलं. मी पिळलं. वाळलेलं गवत पिळलं की काड्या मोडतात. या काड्या नुसत्या वळल्या आणि तळहाताला गार लागल्या. डेल म्हणाला, "मंडे." मग तुमच्याकडे बोट दाखवून म्हणाला, त्याला तू सांग, तो माझं ऐकत नाही.

मी आले. तुम्ही ट्रॅक्टरवर, खाली मुलांचा घोळका, एक जण ड्रोन उडवतोय. मी म्हटलं, "काका, ओलं आहे. सोमवारी बांधू या." तुम्ही हसत हसतच दात आवळलेत. "साठ लोक आलेत वैशाली. कॅरीवरून दोन फॅमिली आठ तास ड्राइव्ह करून आल्यात. त्यांना काय सांगू?"

"सांगा की ओलं आहे. भाकरी खाऊन जातील."

"तू ना, नेहमीची करंटी. आज नको."

आणि मग तुम्ही तो ट्रॅक्टर चालू केलात.

मी भांडायला हवं होतं. दहा वर्षं फालतू गोष्टींवर भांडले, त्या दिवशी गप्प बसले. साठ लोकांसमोर करंटी म्हणालात ते मला लागलं होतं. म्हटलं, बघा तुमचं तुम्ही. आणि त्याहून वाईट सांगते. मी बार्नमध्ये गेले आणि गाठी रचल्या. पोरं वेड्यावाकड्या टाकत होती, ते मला बघवेना. मी सगळ्यांना बाजूला केलं आणि आईने शिकवलं तशी गंजी लावली, घट्ट, मधून वारा जायला बोटभर फट नाही. माझी मुलगी केसांतून काड्या काढत म्हणाली, "मॉम, यू आर सो गुड अॅट धिस." तुम्ही येऊन पाहिलंत आणि सगळ्यांना हाक मारून तेच वाक्य पुन्हा म्हणालात, घराण्याचा हात. माझा राग तिथेच पातळ झाला. ओलं गवत घट्ट रचलं की आतली वाफ आतच राहते, हे मला माहीत होतं. आमच्या वाडीत एकदा अशी गंजी आतून पेटली होती. तरी मी शाबासकी घेतली आणि पिठलं खाल्लं.

दोन आठवड्यांनी, रविवारी, तुमचा फोन. मी मुलीला स्विमिंगला सोडून गाडीतच बसले होते. तुमचा आवाज एकदम लाडात आलेला. "वैशाली, बार्नमध्ये गुळाचा वास येतोय. अगदी गुऱ्हाळात उभं राहिल्यासारखं वाटतंय. ये एकदा वास घ्यायला."

गुऱ्हाळ. आयुष्यात एकदा शाळेच्या सहलीला गेलेला माणूस.

मला कळलं होतं, काका. त्याच क्षणी कळलं. तापलेल्या वैरणीला तसा वास येतो. पुढे काय करायचं तेही माहीत होतं. आईचं वाक्य पाठ आहे माझं, तापल्या गंजीला हात घालू नये, वारा लागला की भडकते, आधी माणसं आणि पाणी जमवावं. मी हे सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "गवत तापलंय ते. सांगितलं होतं ना मी?"

तुम्ही म्हणालात, "बरं. बघतो." आणि फोन ठेवलात. मलाही बरं वाटलं. खरं सांगते, दोन आठवड्यांपासून ते वाक्य घशात अडकलं होतं, ते बाहेर पडल्यावर मी मस्तपैकी कॉफी घ्यायला गेले. म्हटलं, घाबरून डेलला बोलावतील. शनिवारी जाऊ तेव्हा बघू.

गुरुवारी भर दुपारी तुम्ही एकट्याने गंजी उकलायला घेतलीत. बहात्तराव्या वर्षी. गाठी उपसून बाहेर टाकल्या की आतलं गार होईल, असा तुमचा हिशेब. आत वारा शिरला. डेलने रस्त्यापलीकडून धूर पाहिला आणि येईपर्यंत तुम्ही ट्रॅक्टर बाहेर काढून झाडाखाली लावला होता. तिथे थांबायचं होतं. तिथे, त्या सावलीत, नुसतं उभं राहायचं होतं. तुम्ही बेलर सोडवायला परत आत गेलात. डेलनेच तुम्हाला ओढून बाहेर आणलं. त्याच्या दोन्ही हातांवर अजून पट्ट्या आहेत. धुराने तुम्ही गेलात, असं डॉक्टर म्हणाले.

एका लोखंडी डब्यासाठी, काका. ज्याची सुतळी दर दहाव्या गाठीला सुटायची त्या डब्यासाठी.

तुमचं दिवसकार्य तुम्हाला ऐकायचंय का? तेराव्याची श्रद्धांजली सभाही शनिवारी झाली. तेरावा मंगळवारी येत होता, पण मंगळवारी कोण येणार? हॉलमध्ये तुमचा गमछावाला फोटो. सगळे बोलले. मातीशी नाळ, गावाची ओढ, सातासमुद्रापार जपलेला शेतकरी. मी दुसऱ्या रांगेत बसून खुर्चीचा दांडा धरून ठेवला होता. शेवटी सेक्रेटरी उठले आणि म्हणाले की पुढच्या वर्षीपासून काकांच्या नावाने हे डे कंटिन्यू करू या, जूनचा तिसरा सॅटरडे फिक्स. टाळ्या पडल्या. काकू समोर बसल्या होत्या. त्यांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. निखिल माझ्या कानाशी म्हणाला, "आत्ता नको, यार. घरी बोल." मी उठून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी काकूंकडे गेले. ठरवून गेले होते की सगळं सांगायचं. ओल्या काड्या, घट्ट गंजी, गुळाचा फोन आणि मी काय म्हणाले ते. रस्ताभर वाक्यं जुळवत होते. काकूंनी चहा टाकला आणि मी तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं मंडळाचं कॅलेंडर काढून माझ्यापुढे ठेवलं. त्यावर तुमच्या पेन्सिलीतले आकडे. सोमवार, १२१. मंगळवार, १३६. बुधवार, १४९. रोज सकाळी लांब थर्मामीटर गंजीत खुपसून तुम्ही फॅरनहाइटमध्ये तापमान लिहीत होतात. इंजिनिअर ना. चार दिवस तुम्हाला माहीत होतं. चार दिवस तुम्ही ते आकडे बघत होतात आणि रस्त्यापलीकडे जाऊन डेलला सांगितलं नाहीत, कारण मग शनिवारची चूक कबूल करावी लागली असती. मी ते कॅलेंडर भिंतीवर फेकून मारणार होते. मग गुरुवारच्या चौकटीतला आकडा दिसला, १५८, आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात, वैशालीला विचारू?

प्रश्नचिन्ह तुमचं नेहमीचं, शेपूट लांब असलेलं.

काकू म्हणाल्या, "सकाळी चहा घेताना मला विचारलं यांनी. वैशालीला फोन करू का? पण ती पुन्हा तेच म्हणेल, सांगितलं होतं ना. मीच म्हटलं, आज तिचं ऑफिस असेल हो, शनिवारी येतेच आहे, तेव्हा विचारा." मग ओट्याकडे वळून कप विसळत राहिल्या. कप स्वच्छ होते.

मी त्यांना सगळं सांगितलं. त्या रागावतील, निदान रडतील, असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "अगं, तुम्ही सगळे यायचात म्हणून ते करत होते गं. गवत तर डेलनेही कापून दिलं असतं. मुलगा कॅलिफोर्नियात, तो दोन वर्षांतून एकदा. इकडे जूनमध्ये साठ माणसं. यांना वाटायचं, गवत थांबलं की तुम्हीही थांबाल." आणि मग, "तू तरी शनिवार सोडून कधी आलीस?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे एकच होतं. गाडी शिकल्यावर एकदा आले होते. आई गेली तेव्हा. त्यानंतर नऊ वर्षांत एकदाही नाही.

म्हणजे हा राग नेमका कुठे ठेवू ते सांगा. मी तुमच्यावर ठेवला तर तुम्ही त्या प्रश्नचिन्हासकट समोर येता. मंडळावर ठेवला तर त्या साठांत मी आहे, सगळ्यात पुढे, भाकरी हातात घेऊन. तुम्हाला गर्दीची हौस होती, मान्य. पण तुम्ही आठवड्याचे सगळे सात दिवस रिकामे घेऊन बसला होतात आणि आम्ही त्यातला एकच उचलत होतो. एवढं साधं गणित तुम्ही मला बोलून दाखवायला हवं होतं. गुळाच्या वासाचं निमित्त कशाला? "ये, कंटाळा आलाय" म्हणता आलं नसतं? आता कळतंय, त्या रविवारी तुम्ही वास घ्यायला बोलवत नव्हतात.

सेक्रेटरींना मी फोन केला. म्हटलं, हे डे होणार नाही. ते म्हणाले, "ताई, इमोशनल होऊ नका, काकांची लेगसी आहे ती." मी म्हटलं, "काकांना त्या दिवशीचं ओलं गवत भोवलंय. ते ओलं आहे हे मला माहीत होतं आणि साठ लोक आले होते म्हणून ते बांधलं. स्मरणिकेत हेच छापणार असाल तर लेख देते." ते म्हणाले, "टोन जरा…" मी फोन ठेवला.

आणि गवताला यातलं काही कळत नाही, काका. तुम्ही गेलात त्या आठवड्यातही ते वाढतच होतं. ऑगस्टमध्ये गुडघाभर झालं, तुमच्या आवडीचं, मध्ये मध्ये जांभळ्या फुलांचं क्लोव्हर. डेलचा मेसेज आला, दोन शब्दांचा, 'कट इट?' मी काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "कापा."

शनिवारी डेलने त्याच्या पट्टी बांधलेल्या हातांनी कापलं. रविवारी उलटलं. सोमवारी मी ऑफिस सुटल्यावर गेले आणि मूठ पिळली. वळली. घरी आले. मंगळवारी मॅनेजरला कळवलं की आज सुट्टी हवी. त्याने विचारलं, सगळं ठीक ना? मी लिहिलं, गवत वाळत आलंय. त्याला काय कळलं असेल ते असो.

तुमच्या ट्रॅक्टरवर मी बसले. तोपर्यंत त्याच्याकडे बघतही नव्हते, लाथ मारावीशी वाटायची. सीटवर तुमची ती चौकोनी उशी अजून होती, तिच्यावर बसावं लागलं. दोनदा बंद पडला, तिसऱ्यांदा चालू झाला. तुम्ही मला गाडी शिकवलीत त्याच सहा एकरांत मी ओळी ओढल्या. वाकड्या आल्या. दुपारी उतरून पुन्हा मूठ पिळली आणि काड्या कडकड मोडल्या. मी ती मूठ डेलला नेऊन दिली. त्याने मान डोलावली आणि आपलं मोठं यंत्र घेऊन आला. तुमचा बेलर तर राहिला नाही. सगळे फ्रोझन पराठे झाले, काका. अकरा गोल गाठी. काकू मेपलच्या खाली खुर्ची टाकून बसल्या होत्या, थर्मासमध्ये चहा. फोटो कुणी काढला नाही. वास मात्र आला. संध्याकाळी ऊन उतरल्यावर असा आला की मी मान खाली घालून उभी राहिले. सुंदर होता. हे तुम्हाला ऐकायचं होतं ना दहा वर्षं? घ्या.

घरी येताना घड्याळ पाहिलं, सवयीने. मग तुमची ती गुरुवारची चौकट डोळ्यांपुढे आली. तुम्ही फोन केला असतात तर मी काय म्हणाले असते, याचा विचार महिनाभर टाळत होते. खोटं बोलून काय उपयोग? सांगितलं होतं ना, असं म्हणालेच असते. तुम्हाला भीती होती ती खरी होती, माझी जीभच तशी आहे. दोनदा म्हणाले असते. पण त्याच्यापुढे आणखी एक वाक्य म्हणाले असते, काका. हात लावू नका, झाडाखाली बसून राहा, मी निघाले.

चाळीस मिनिटांचा तर रस्ता आहे.